खटला आरोपीचा, आठवण कुणाची?



गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी चांगलं चालू ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शाळेतली खोली, वाचनालयातलं कपाट, एसटी स्टँडवरची पाणपोई, बागेतलं बाक आणि अशी व्याख्यानमाला. 'यांच्या स्मरणार्थ' एवढ्या अक्षरांखाली महाराष्ट्रात किती नावं टिकून राहिली आहेत! आज मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्यांच्या वाट्याला ही अक्षरं फारशी आली नाहीत. राजकीय हिंसेत मारली गेलेली ही साधी माणसं. त्यांचं कुणाशी वैर नव्हतं. ती कामाला निघाली होती, बसमध्ये बसली होती, दुकान उघडून गिऱ्हाइकाची वाट पाहत होती. मारणाऱ्यांना ती माहीत नव्हती आणि पुढे तीस वर्षांत आपल्यालाही ती माहीत झाली नाहीत. मारणारे मात्र आईबाप, भावंडं, गाव आणि घराचा मजला यांसकट आपल्याला पाठ आहेत.

असं का होतं आणि त्यावर काय करता येईल, एवढाच माझा विषय आहे. उदाहरण मुंबईचं घेतो. ते आपलं आहे आणि अजून संपलेलं नाही.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. पावणेचारच्या आत शहरभर बारा स्फोट झाले. त्यासाठीचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरवलं होतं. शेअर बाजारापाशी ८४ माणसं गेली. काथा बाजारात ४. दादरला शिवसेना भवनाजवळच्या पेट्रोल पंपापाशी ४. एअर इंडियाच्या इमारतीत २०. वरळीला सेंच्युरी बाजारपाशी ११३, आणि तिथं भर रस्त्यात बेस्टची बस सापडली होती. झवेरी बाजारात १७. प्लाझा सिनेमापाशी १०. माहीमच्या मच्छीमार कॉलनीवर हातबाँब फेकले गेले, तिथं ३. विमानतळाजवळच्या सेंटॉर हॉटेलात २. बेरीज होते २५७. जखमी ७१३.

ही बेरीज मी मुद्दाम सावकाश केली. '२५७' हा आकडा आपण इतक्या वेळा ऐकला आहे की तो आता एकच वस्तू असल्यासारखा वाटतो. तो फोडला की दिसतं, काथा बाजारातल्या चौघांची बातमी सेंच्युरी बाजारच्या ११३ जणांच्या बातमीखाली पहिल्याच दिवशी दबली होती. मृतांमध्येसुद्धा काही जण आधी विसरले जातात.

आता या प्रकरणातली तुम्हाला आठवणारी नावं मनात आणून पाहा. दाऊद, टायगर मेमन, याकूब मेमन, संजय दत्त. त्यांच्या घरच्यांबद्दल काय काय आठवतं तेही पाहा. दाऊदचे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते, हे ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं मुंबके हे त्याचं मूळ गाव ठाऊक आहे, कारण तिथल्या मालमत्तांचा लिलाव निघाला की दर वेळी कॅमेरे तिथं पोहोचतात. त्याच्या बहिणीवर २०१७ मध्ये हिंदी चित्रपट आला. जुलै २००५ मध्ये त्याच्या मुलीचं लग्न जावेद मियाँदादच्या मुलाशी झालं, तेव्हा दुबईच्या हॉटेलाबाहेर भारतीय वाहिन्यांचे प्रतिनिधी ठाण मांडून होते. कोण येणार, बाप येणार की नाही, यावर कित्येक दिवस चर्चा झाली. त्याच महिन्यात, घटनेला बारा वर्षं उलटून गेल्यावरही, आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयाचा निकाल लागायचा होता. २५७ घरं त्या निकालाची वाट पाहत होती. त्या घरांबाहेर ओबी व्हॅन उभी नव्हती.

३० जुलै २०१५ रोजी नागपूरच्या तुरुंगात याकूबला फाशी झाली. आदल्या रात्री सर्वोच्च न्यायालयानं दार उघडून पहाटेपर्यंत सुनावणी घेतली. माणसाचा जीव घेण्याआधी न्यायव्यवस्थेनं शेवटच्या क्षणापर्यंत ऐकून घ्यावं, हे योग्यच होतं. ज्यांनी ती याचिका केली त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या आठवड्यात मेमन कुटुंबाच्या माहीममधल्या इमारतीचे जिने, बायको-मुलीची अवस्था, मरीन लाइन्सच्या कब्रस्तानाकडे निघालेली गर्दी हे सगळं आपण तासन् तास पाहिलं आणि त्या तासांत स्फोटांत मेलेल्या माणसांची नावं आपल्या कानावर क्वचितच पडली. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये त्या कबरीभोवती संगमरवर आणि दिवे कुणी लावले यावर राजकीय पक्षांमध्ये दिवसेंदिवस वाद झाला. मारणाऱ्याची कबरसुद्धा बातमी होते. मेलेल्यांच्या चिता आणि कबरी कुठे आहेत, ते कुणी विचारलेलं नाही.

हे सांगून झालं की बहुतेक वक्ते माध्यमांवर घसरतात. मी स्वतः लिहिण्याच्या धंद्यातला माणूस आहे आणि माध्यमांची बाजू घेण्याची मला गरज वाटत नाही. पण 'टीआरपी' म्हणून विषय संपवला तर खरं कारण निसटतं. वार्ताहर दुष्ट असतो म्हणून असं होत नाही. बातमी ज्या वाटेनं चालते ती वाटच आरोपीच्या दारावरून जाते.

बातमीला निमित्त लागतं. आरोपीच्या आयुष्यात निमित्तं सतत घडतात: अटक, कोठडी, कबुलीजबाब, जामीन, आरोपनिश्चिती, तारीख, निकाल, शिक्षा, अपील, पॅरोल, दयेचा अर्ज, सुटका किंवा फाशी. १९९३ च्या खटल्यात हे सत्र तपाहून जास्त चाललं. न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी १२३ आरोपींपैकी १०० जणांना दोषी ठरवलं, बारा जणांना फाशी आणि वीस जणांना जन्मठेप सुनावली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याकूबची फाशी कायम ठेवली आणि दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. या प्रत्येक टप्प्यावर एक बातमी, एक छायाचित्र, रडणारी एक आई. ते रडणं खरं असतं आणि त्याच क्षणी, कॅमेऱ्यासमोर घडत असतं.

मेलेल्या माणसाचं काय? तो खटल्यात एकदाच येतो. तो मेला हे सिद्ध करावं लागतं, म्हणून पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, ओळख पटवणाऱ्या नातेवाइकाचा जबाब. कागदावर निशाणी क्रमांक पडला की त्याचं काम संपलं. तो काय करत होता, घरी कोण होतं, त्या दिवशी तो तिथं का गेला होता, यातलं काहीही गुन्हा सिद्ध करायला लागत नाही. म्हणून ते नोंदलंही जात नाही. २००९ पर्यंत आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' कोण याची व्याख्याच नव्हती. सुटकेच्या निकालाविरुद्ध अपील करण्याचा त्याचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क त्या वर्षीच्या दुरुस्तीनं आला. म्हणजे १९९३ चा खटला विशेष न्यायालयात चालला तोवर मेलेल्याची बायको कायद्याच्या नजरेत फक्त साक्षीदार होती, तीही बोलावलं तर.

या फरकाचं एक ठळक उदाहरण देतो. या स्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' हा चित्रपट २००४ मध्ये तयार होता. आरोपीनं न्यायालयात धाव घेतली की निकालाआधी तो दाखवला तर खटल्यावर परिणाम होईल. मुंबई उच्च न्यायालयानं प्रदर्शन रोखलं आणि चित्रपट फेब्रुवारी २००७ मध्ये लागला. आरोपीचा तो हक्क होता आणि तो जपला गेला, हे लोकशाहीचं लक्षण आहे. पण आपल्या माणसाची गोष्ट सांगितली जावी असं म्हणायला मेलेल्याच्या घरच्यांकडे कुठलं दार होतं? आरोपीसाठी वकील असतो, सरकारसाठी सरकारी वकील असतो. मृताची कहाणी मांडणं हे कुणाचंच काम नसतं.

आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या सगळ्यांच्या आत आहे. याकूब चार्टर्ड अकाउंटंट होता. शिकलेला, शांत माणूस या कटात कसा आला, हे कोडं वाटतं. संजय दत्तच्या बाबतीत कोडं आणखी मोठं: ज्या वडिलांनी, सुनील दत्तांनी, १९९२-९३ च्या दंगलीत लोकांना मदत केली त्यांच्याच घरात बंदूक ठेवली जाते. न्यायालयानं संजय दत्तला कटाच्या आरोपातून मुक्त केलं आणि शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी ठरवलं, हे नीट लक्षात ठेवूनच बोलायला हवं. पण त्याच्यावर २०१८ मध्ये निघालेला चित्रपट गर्दीनं पाहणारे आपणच होतो. बापलेकाच्या नात्याची ती गोष्ट होती. कुणी म्हणेल, बसमध्ये बसलेल्या माणसात कोडं काय असणार? मला वाटतं, त्या माणसाच्या आयुष्यातही प्रेम, कर्ज, हट्ट, स्वप्न सगळं होतं. ते शोधायला कुणीतरी त्याच्या दाराशी जावं लागतं. आरोपीचा पत्ता एक असतो. मेलेल्यांची २५७ घरं डोंबिवलीत, विरारमध्ये, माहीमच्या किनाऱ्यावर, कोकणातल्या आणि उत्तरेकडच्या गावांत विखुरलेली असतात.

इथं कुणी मला विचारेल, महाराष्ट्र आपल्या मृतांना विसरणारा आहे का? नाही. आपल्याकडे तर मृतांची आठवण दगडात कोरलेली आहे. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागं वीरगळ उभे असतात. गाईगुरं वाचवताना, गावावरचा हल्ला परतवताना पडलेल्या माणसाचा दगड, वर चंद्र आणि सूर्य. मुंबईतही बोरिवलीजवळ एकसरला असे वीरगळ आहेत आणि त्यांवर समुद्रातली लढाई कोरलेली आहे. आधुनिक काळात फ्लोरा फाउंटनला हुतात्मा चौक झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ आणि त्यानंतरच्या गोळीबारांत पडलेल्यांची नावं तिथं आहेत. हे स्मारक उभं राहिलं, कारण त्यांच्या मरणातून राज्य उभं राहिलं होतं.

म्हणजे लढताना किंवा मागणी करताना जो पडला, त्याला आठवायला आपल्याला येतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव शाळेतल्या मुलालाही माहीत आहे आणि ते असायलाच हवं. पण त्याच रात्री सीएसटीच्या फलाटालगत लांबच्या गाडीची वाट पाहत, सामानावर डोकं टेकून बसलेली जी माणसं गेली, ती कुठं आहेत? त्यांचं मरण कुठल्याही ध्येयाच्या कामी आलं नाही. ती वीर नव्हती आणि हुतात्माही नव्हती. ती प्रवासी होती. प्रवाशासाठी आपल्याकडे दगड नाही. जे मरण कुणाच्या उपयोगी पडत नाही ते विसरलं जातं, ही आपल्या सार्वजनिक स्मृतीची खरी अडचण आहे.

१२ मार्चविषयी बोलताना त्याआधीच्या तीन महिन्यांविषयी गप्प राहणं अप्रामाणिकपणाचं होईल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत, न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे, ९०० माणसं गेली: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही, ५ इतर. या आयोगालाच १९९६ मध्ये सरकारनं गुंडाळलं आणि काही महिन्यांनी पुन्हा जिवंत केलं. अहवाल १९९८ मध्ये आला. हजाराहून अधिक गुन्हे पोलिसांनी 'अ समरी' करून, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असं म्हणून, बंद केले होते.

विसरण्याचे दोन प्रकार इथं शेजारी शेजारी दिसतात. स्फोटांच्या बाबतीत खटला इतका मोठा झाला की त्यात आरोपीच दिसत राहिले. दंगलींच्या बाबतीत खटले इतके थोडे झाले की कुणीच दिसलं नाही, मारणाराही नाही आणि मेलेलाही नाही. खटला झाला तरी मृत माणूस हरवतो आणि नाही झाला तरी हरवतो. मग मृतांची आठवण न्यायालयाच्या भरवशावर सोडून चालणार नाही, हे मला यातून कळतं.

दंगलीत १६८ माणसं बेपत्ता झाली. त्यांचं प्रेत मिळालं नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून वारस दाखला नाही आणि दोन लाखांचं सानुग्रह अनुदान नाही. कायद्यानं सात वर्षं थांबायचं, मग माणूस मेला असं मानायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयानं राज्याला सांगितलं की या बेपत्तांपैकी १०८ जणांच्या कुटुंबांपर्यंत अजून भरपाई पोहोचलेली नाही, त्यांचा शोध घ्या. शंभराहून अधिक घरांचा पत्ता सरकारला तीस वर्षांत लागला नाही. त्याच तीस वर्षांत मुंबकेच्या घराची कौलं आपण टीव्हीवर मोजली.

इथं मला एक गोष्ट फार स्पष्टपणे सांगायची आहे. गुन्हेगाराच्या घरच्यांविषयी राग धरायला मी आलेलो नाही. मुलानं केलेल्या पापाची शिक्षा आईनं का भोगायची? महाराष्ट्रानं हा धडा मोठी किंमत देऊन शिकायला हवा होता. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूरच्या भागात खुन्याच्या जातीची म्हणून शेकडो घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' त्या दिवसांची आहे. खुन्याशी जातीपलीकडे काही नातं नसलेली माणसं त्यात उद्ध्वस्त झाली. तीही राजकीय हिंसेचेच बळी होती आणि त्यांचीही यादी कुठं धड नाही. आरोपीच्या घरावर लोकांचा डोळा वळवणं किती धोक्याचं असतं, हे यातून समजावं. कॅमेरा आज कुतूहलानं त्या घराकडे वळतो. उद्या त्याच दिशेनं दगड येऊ शकतात.

आणि आरोपी हा गुन्हेगारच असतो असंही नाही. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. मृतांचा आकडा कुठं १८७ छापला जातो, कुठं १८९, कुठं २०९. किती माणसं गेली हेसुद्धा आपण एकमतानं सांगू शकत नाही. २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यावर स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. एकोणीस वर्षं 'बॉम्बवाल्याचं घर' म्हणून जगलेल्या त्या कुटुंबांचं आपण काय करणार? आणि ज्यांचा माणूस लोकलमधून घरी आला नाही, त्यांना आता कुणाकडे बोट दाखवायचं तेही उरलं नाही.

म्हणूनच मृतांची आठवण आरोपीच्या दोषाला बांधून ठेवू नये. दोष सिद्ध होवो अथवा न होवो, माणूस गेला हे सत्य बदलत नाही. 'अमक्यानं मारलेले' म्हणून त्यांना आठवाल, तर त्या अमक्याचा निकाल फिरला की त्यांची आठवणही लटकते. त्यांना त्यांच्या स्वतःच्या आयुष्यासाठी आठवायला हवं.

हे करता येतं का? काही ठिकाणी केलेलं आहे. २२ जुलै २०११ ला नॉर्वेमध्ये एका माणसानं ७७ जणांना मारलं: ऑस्लोच्या सरकारी इमारतींपाशी ८ आणि उटोया बेटावर, मजूर पक्षाच्या युवक शिबिरात, ६९. पुढच्या वर्षी खटला चालला. न्यायालयात प्रत्येक मृताचा शवविच्छेदन अहवाल मांडला गेला आणि त्यापाठोपाठ त्या व्यक्तीचं छायाचित्र दाखवून ती कोण होती, काय आवडायचं, हे थोडक्यात वाचलं गेलं. एका मिनिटाचं निवेदन, पण ७७ वेळा. गोळी कुठून शिरली हे सांगणाऱ्या कागदाच्या शेजारी माणूस उभा राहिला. खटल्याला त्यानं बाधा आली नाही. त्याच काळात तिथल्या एका दैनिकानं आपल्या संकेतस्थळावर बटण ठेवलं होतं: ते दाबलं की मारेकऱ्याच्या बातम्या दिसेनाशा व्हायच्या. पुढं ओस्ने सायरस्टाड या पत्रकार लेखिकेनं 'वन ऑफ अस' लिहिलं. त्यात मारेकऱ्याचं बालपण आहे, त्याची आई आहे, पण सोबत मारल्या गेलेल्या मुलांचं वाढणंही तितक्याच बारकाईनं आहे. दोन्ही सांगता येतं. प्रश्न कुणाला किती जागा देता याचा आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये काही पत्रकारांनी अनेक वर्षं खपून १९९९ मध्ये 'लॉस्ट लाइव्हज' हा ग्रंथ काढला. तिथल्या तीन दशकांच्या संघर्षात गेलेल्या साडेतीन हजारांहून अधिक माणसांच्या त्यात नोंदी आहेत, मृत्यूच्या तारखेच्या क्रमानं. पोलिस, सैनिक, शस्त्र घेतलेला, रस्त्यानं जाणारा, तान्हं मूल, कॅथलिक, प्रॉटेस्टंट, सगळे एका रांगेत. कोणत्याही एका बाजूला तो ग्रंथ आपल्या सभेत मिरवता येत नाही, कारण पान उलटलं की दुसऱ्या बाजूचा मृत समोर येतो.

२०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जण मारले गेले. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत जाहीर केलं की मी मारेकऱ्याचं नाव उच्चारणार नाही. त्या निर्धाराचं मोल मोठं आहे. तरी मला तेवढं पुरेसं वाटत नाही. मारेकऱ्याचं नाव न घेण्यानं मृताचं नाव आपोआप ओठांवर येत नाही. शिवाय माणूस खुनापर्यंत कसा जातो, त्याच्या हातात पैसा आणि विचार कोण देतं, हे समाजाला कळायलाच हवं. ते कळणं थांबलं तर पुढचा खून थांबवता येणार नाही. म्हणून आरोपीविषयी लिहूच नका, असं मी म्हणणार नाही. मृताविषयी लिहायचं कष्टाचं काम टाळू नका, असं म्हणेन.

आपल्याकडेही ही चिकाटी दिसलेली आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते त्या पुलावर जमत राहिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात ते गेले, तिथंही २० तारखेला 'निर्भय मॉर्निंग वॉक' निघू लागला. दाभोलकर खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. निकाल लागायला जवळजवळ अकरा वर्षं गेली, पण या काळात मारेकरी मोठे होऊ शकले नाहीत. दाभोलकरांचं काम, पानसरेंचं पुस्तक, त्यांचा विचार हेच चर्चेत राहिलं. त्यांच्यामागे संघटना होती, वाचक होते, त्यांची मुलं-सुना उभी होती. वरळीच्या बसमधल्या माणसामागे संघटना नव्हती. तिथं आपण उभं राहायचं आहे.

काय करायचं ते आता नेमकं सांगतो.

पहिलं काम नोंदवहीचं. मुंबईच्या १९९२-९३ च्या सगळ्या मृतांची एक नोंदवही व्हावी. डिसेंबरच्या पहिल्या मृतापासून १२ मार्चच्या शेवटच्या मृतापर्यंत, तारखेच्या क्रमानं, दंगल आणि स्फोट अशी फाळणी न करता. आज या शहरात काही जण फक्त दंगल आठवतात, काही फक्त स्फोट, आणि दोघंही आपापले मृत पुढे करून दुसऱ्याचं तोंड बंद करतात. एकाच वहीत सगळे आले की हे अवघड होईल. ज्यांची ओळख पटली नाही ते ४५ आणि जे सापडले नाहीत ते १६८, त्यांनाही त्यात ओळ असावी: तारीख, ठिकाण आणि पुढे कोरी जागा. माहितीचे तुकडे आहेत. महापालिकेची मृत्युनोंद आहे, भरपाईच्या याद्या सरकारकडे आहेत, खटल्याची कागदपत्रं आहेत, वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली आहेत. ते एकत्र आणायला विद्यापीठाचा एखादा इतिहास विभाग आणि वीस-पंचवीस मेहनती विद्यार्थी पुरतील. घरच्यांची परवानगी मात्र आधी घ्यायची. ज्यांना आपल्या माणसाचं नाव छापून नको आहे, त्यांचा नकार निमूट मानायचा. दुःख हा सार्वजनिक ऐवज नाही.

दुसरं काम न्यायालयात. सामूहिक हत्येच्या खटल्यात शिक्षेच्या सुनावणीआधी प्रत्येक मृताची ओळख वाचण्याची प्रथा पडावी. पीडिताला कायद्यात आता जागा मिळालेली आहे. ही प्रथा त्या जागेला आवाज देईल.

तिसरं काम संपादकांचं. फाशी, सुटका, लिलाव, चित्रपट, कबरीवरचा वाद, असं कुठलंही निमित्त आलं की त्याच अंकात, त्याच बुलेटिनमध्ये, तेवढ्याच आकारात त्या घटनेतल्या एका मृताची माहिती द्यायची. वार्ताहराला निमित्त लागतं ना? मग आरोपीचं प्रत्येक निमित्त हे मृताचंही निमित्त समजायचं. नोंदवही हाताशी असेल तर डेस्कवरच्या नव्या उपसंपादकालाही हे अर्ध्या तासात जमेल. नसेल तर तो पुन्हा माहीमच्या इमारतीचं जुनं फुटेज लावेल.

हे सगळं पुढच्या दहा वर्षांतच करावं लागेल. १९९३ मध्ये ज्या आईनं पंचविशीतला मुलगा गमावला ती आज ऐंशीच्या आसपास आहे. तो लहानपणी कसा होता हे सांगणारं माणूस तिच्यानंतर कुणी उरणार नाही. सरकारी कागद राहतील आणि त्यांत वय, लिंग आणि मृत्यूचं कारण एवढंच असेल.

९००, १६८ आणि २५७ मिळून १३२५ माणसं होतात. आपल्याकडच्या एका-दोन मतदान केंद्रांच्या याद्यांत एवढी नावं असतात आणि त्या आपण घरोघर जाऊन तपासतो, एकही नाव सुटू नये म्हणून. कोटीहून अधिक वस्तीच्या शहराला आणि एवढ्या वर्तमानपत्रांच्या, विद्यापीठांच्या, व्याख्यानमालांच्या राज्याला १३२५ नावं पेलणार नाहीत, हे मला मान्य नाही. तुमच्यापैकी कुणाच्या नात्यात, चाळीत, ऑफिसात असं एक घर असेल. त्या घरी जा, बसा आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या.